मामाजींच्या ताटातलं मीठ

सासूबाईंच्या हातून चहाचा कप पडला तेव्हा मी त्यांच्यासमोरच उभी होते. आधी कप पडला, मग त्यांचा डावा खांदा खाली आला, मग तोंड वाकडं झालं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. बीपी होता, असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला कुणालाच माहीत नव्हता.

त्यानंतर दोन वर्षांनी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चक्कर आली म्हणून मी साकोलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, दोनदा हवा भरली आणि म्हणाले, "यांनाही बीपी आहे." मामाजी शांत बसले होते. मी मात्र त्यांच्या डाव्या खांद्याकडे बघत होते.

डॉक्टर समजूतदार माणूस. त्यांनी रोज सकाळी घ्यायला एक गोळी दिली. "याने लघवी जास्त होईल, पायांवरची सूज उतरेल, घाबरू नका," म्हणाले. जेवणात मीठ कमी करा, वरून घेऊ नका, लोणचं-पापड आणि सुकी मासोळी सोडा. पंधरा दिवसांनी रक्त तपासू, परत या. ते 'कमी करा' म्हणाले होते, हे मला पक्कं आठवतं. पण एकोडीला परत येताना बसमध्ये माझ्या मनात एकच शब्द फिरत राहिला: बंद. घरी पोचले आणि मिठाची बरणी उचलून वरच्या फळीवर डब्यांच्या मागे ठेवून दिली.

घरात तेव्हा आम्ही दोघंच असायचो. नवरा वरठीच्या पोलाद कारखान्यात, तिकडेच खोली करून राहायचा, शनिवारी संध्याकाळी मोटारसायकलने यायचा. मुलगी शिकायला नागपूरला. त्यामुळे मामाजींच्या जिवाची राखण माझ्या एकटीवर, असं मला वाटायचं. त्यांचं वरण वेगळं, भाजी वेगळी, भाकरीच्या पिठातसुद्धा मिठाचा कण नाही. पहिले दोन दिवस मीही तेच जेवले. तिसऱ्या दिवशी घास गिळवेना. मग मी माझ्या वाटीत चिमूटभर टाकायची आणि त्यांच्याकडे पाठ करून जेवायची.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "बाई, हे वरण नाई वो. हे पिवळं पाणी होय."

"मामाजी, आत्याबाईचं काय झालं ते विसरले का?"

त्यांनी वाटी ओढून घेतली आणि वरण भातावर ओतलं. त्यानंतर मिठाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मेलेल्या सासूबाईंचं नाव घेऊन मी त्यांचं तोंड बंद केलं, हे तेव्हा मला कळलं नाही. उलट बरं वाटलं.

नवऱ्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात कुणी तरी सांगत होतं की भरपूर पाणी प्यायल्याने अंगातलं मीठ धुऊन निघतं. फोनवर तो म्हणाला, "बाबाले पाणी पाजत जाय जास्त. आईसारखं नको व्हायले." मग मी तेही सुरू केलं. उठल्याउठल्या एक तांब्या. जेवणाआधी एक, जेवणानंतर एक. शेतावर जाताना दोन मोठ्या बाटल्या, आणि परत आल्यावर त्या रिकाम्या आहेत का ते मी बघायची.

दिवस वैशाखाचे होते. उन्हाळी धान कापायला आलं होतं आणि मामाजी सकाळपासून बांधीत, म्हणजे आमच्या धानाच्या वावरात, उभे असायचे. घरी यायचे तेव्हा बंडी ओली पिळून काढावी अशी. ती वाळली की पाठीवर पांढऱ्या रेघा उमटायच्या. वरठीला माझे वडीलही भट्टीजवळ काम करायचे, त्यांच्या शर्टावरही अशाच रेघा असायच्या, आणि ते मिठाचे डाग आहेत हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही मी ती बंडी रोज बादलीत बुडवली, घासली, वाळत घातली. डोक्यात काही आलं नाही.

आठ-दहा दिवसांत त्यांची भूक गेली. "अन्न खाली उतरत नाई," म्हणायचे. पोट जड आहे, मळमळ सुटते. मी ओव्याचं पाणी दिलं. जेवण अर्ध्यावर आलं, मग दोन घासांवर. झोपेत पायाला गोळे यायचे, ते ओरडून उठायचे, मी पोटऱ्या चोळायची. मला वाटलं, उन्हाने होतंय, नाहीतर वयाने. वजन उतरलं तेव्हा तर मनात म्हटलं, बरंच आहे, बीपीला चांगलं. पंधरा दिवसांनी रक्त तपासायला जायचं होतं. कापणीच्या गडबडीत तेही पुढे ढकललं.

त्या दिवशी अकराच्या सुमारास ते बांधीतून परतले. नेहमी पाय धुऊन आत येतात, त्या दिवशी मातीने भरलेल्या पायांनी सरळ पाटावर येऊन बसले. मी ताट वाढलं. त्यांनी भाताचा घास घेतला आणि मुठीत दाबत राहिले. दाबतच राहिले. भात बोटांतून बाहेर यायला लागला.

"मामाजी, जेवा ना."

"बैलाले पाणी पाजलं का?"

आमच्या घरी बैल नव्हते. विकून आठ वर्षं झाली होती.

"कोणते बैल, मामाजी?"

"तुयी आत्याबाई कोठं गेली? तिले बलाव. ती पाजते."

मी ओसरीवर पळत आले आणि शेजारच्या काकूंना हाक मारली. काकू आल्या, त्यांनी मामाजींच्या कपाळाला हात लावला. "ऊन लागलं," म्हणाल्या. "कांदा आण. आंब्याचा पना कर लवकर." आम्ही दोघींनी त्यांना पंख्याखाली निजवलं. काकू तळपायाला कांदा चोळत बसल्या. मी सकाळीच उकडून ठेवलेल्या कैऱ्यांचा गर काढला, त्यात गूळ कालवला.

"मीठ टाक वो त्यात थोडं," काकू म्हणाल्या.

"नाही काकू. त्यांना बीपी आहे."

दोन पेले पाजले. वर एक तांब्या पाणी पाजलं. दहा मिनिटांत त्यांनी सगळं ओकून टाकलं आणि डोळे मिटले. हाक मारली की "हूं" यायचा, पण खूप लांबून आल्यासारखा. मी त्यांचं तोंड वाकडं झालंय का ते बघत होते. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. हात उचलून सोडला. दोन्ही हात सारखेच खाली पडले. मला काही समजेना आणि न समजण्याची भीती लकव्याच्या भीतीपेक्षा वाईट होती.

काकूंच्या मालकांनी गाडी काढली. साकोलीपर्यंत मी मागच्या सीटवर मामाजींचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि मोठ्याने श्वास मोजत राहिले, कारण थांबले तर त्यांचा श्वासही थांबेल असं वाटत होतं.

त्याच डॉक्टरांनी तपासलं. बीपी वाढलेला नव्हता, उलट खाली होता. साखर ठीक. अंगात तापही नव्हता. त्यांनी रक्त काढून तपासायला पाठवलं, सलाईन लावलं आणि मला विचारलं, "जेवण कसं आहे यांचं?"

"कमी झालंय, सर. पण पथ्य एकदम बरोबर आहे. मीठ नाही."

"नाही म्हणजे किती?"

"नाहीच, सर. एक कणही नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही सांगितलं त्या दिवसापासून."

त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "आणि पाणी?"

मी सगळं सांगितलं. तांबे, बाटल्या, सगळं. सांगताना माझाच आवाज मला परका वाटायला लागला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त दोनदा दाराकडे बघून "रिपोर्ट आला का?" म्हणाले.

रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो मलाही दाखवला. रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला जो मुख्य भाग, तो एकशे पस्तीसच्या वर असायला हवा होता. मामाजींचं एकशे आठ होतं. "भंडाऱ्याला न्या. आत्ताच्या आत्ता. मी ॲम्ब्युलन्स बोलावलीय."

लाखनीच्या अलीकडे त्यांना आकडी आली. आधी बोटं वळली. मग सगळं अंग ताठ झालं, दात आवळले गेले, पाय लोखंडी पलंगावर आपटायला लागले. सोबतच्या माणसाने त्यांना कुशीवर वळवलं, मला ओरडून म्हणाला, "पाय दाबू नका ताई, सोडा, फक्त डोकं सांभाळा!" मी डोक्याखाली दोन्ही हात दिले. खिडकीबाहेर दुपारचा लख्ख हायवे, ट्रक, रसवंतीवर थांबलेली माणसं. आणि आत हा जीव माझ्या हातांत असा थडथडत होता. मी तेव्हा देवाचं नाव घेतलं नाही. मी "मी केलं, मी केलं" एवढंच म्हणत होते, असं त्या माणसाने नंतर माझ्या नवऱ्याला सांगितलं. मला ते आठवत नाही.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात मामाजींना आत नेलं. वरठी तिथून जवळ. नवरा कारखान्याच्या कपड्यांतच पोचला. आतून एक तरुण डॉक्टरबाई आल्या, आम्हा दोघांना बाकावर बसवलं आणि स्वतः समोर उकिडव्या बसल्या. त्यांचं ते बसणं मी विसरणार नाही.

त्या म्हणाल्या, "मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, जिथल्या तिथे. ते जास्त झालं तर पाणी जास्त साठतं, बीपी वाढतो. पण फार कमी झालं तर पाणी रक्तात थांबत नाही, पेशींत शिरतं. मेंदूच्या पेशीही फुगतात. आणि कवटी तर फुगू शकत नाही. म्हणून बरळणं, म्हणून आकडी."

"त्यांचं पोट बिघडलं होतं आधी," मी म्हटलं. "मळमळ, जेवण जात नव्हतं."

"ती त्याचीच सुरुवात होती. शिवाय पोटातलं जे आम्ल अन्न पचवतं, त्यालाही मिठातला एक भाग लागतो. आतड्यातून पाणी अंगात ओढून घ्यायलाही थोडं मीठ लागतं. म्हणून तर जुलाबात साखर-मीठ-पाणी देतो. तुम्ही मीठ थांबवलं, घामातून ते जात होतं, गोळीने लघवीतून जात होतं, आणि वरून नुसतं पाणी."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तू पूर्णच बंद केलं होतं?"

"हो."

"मले सांगितलं काहून नाई?"

"तुम्ही शनिवारी यायचे तेव्हा आपल्या दोघांच्या भाजीत असायचंच. तुम्हाला कसं कळणार?"

तो म्हणाला, "पाण्याचं तर मीच सांगितलं होतं." आणि उठून जिन्याशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी डॉक्टरबाईंना म्हटलं, "मग आता पटकन मीठ द्या ना त्यांना. कितीही द्या."

"तसं नाही करता येत. पटकन चढवलं तर मेंदूला उलट इजा होते, ती मग भरून येत नाही. थेंबाथेंबाने चढवायचं. दर काही तासांनी रक्त बघायचं. आणि साधं पाणी मोजून. मी सांगीन तेवढंच."

म्हणजे अजून काही संपलं नव्हतं. घाई केली तरी धोका, उशीर केला तरी धोका. एवढे दिवस मी ज्याची एक चिमूट ताटात पडू दिली नाही, ते आता बाटलीतून एकेक थेंब उतरताना मी बघत होते आणि प्रत्येक थेंबाला वाटत होतं, हा जास्त तर नाही ना, हा कमी तर नाही ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जागे झाले, पण पुरते शुद्धीवर नव्हते. तोंड कोरडं पडलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची पाण्याची बाटली त्यांना दिसत होती.

"पानी दे."

"मामाजी, थोडं थांबा. चार वाजता देऊ म्हणाल्यात."

"पानी दे वो बाई. घोटभर दे."

मी ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसले. त्यांनी तो कापूस दातांत धरला आणि चोखायला लागले. मी ओढून काढला. सत्तरीचा माणूस, ज्याने मला लग्न होऊन आल्यापासून कधी 'अगं' म्हणून हाक मारली नाही, नेहमी 'बाई' म्हटलं, तो हात जोडून माझ्याकडे पाणी मागत होता आणि मी मान हलवून नाही म्हणत होते. मग त्यांचे डोळे बदलले. माझ्याकडे बोट करून ते साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले, "हे बाई मले जहर देऊन राहिली! वाचवा कोणी! घरी जहर देत होती, आता पानी बी नाई देत!"

सगळ्या खाटांवरची माणसं वळून बघायला लागली. काकू भेटायला आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. मी तिथे कापूस हातात धरून उभी राहिले. हा भ्रम आहे, असं नर्सने मोठ्याने सांगितलं. मला ते धड खोटंही वाटत नव्हतं. मी त्यांना इतके दिवस जे वाढलं होतं, त्याने ते इथे पोचले होते. त्याला दुसरं काय नाव द्यायचं?

नवरा आला, त्याने माझ्या हातातून कापूस घेतला. "तू बाहेर जाऊन बस," म्हणाला. मी गेले नाही. मला वाटत होतं, मी नजर हलवली तर ते जातील.

तिसऱ्या दिवशी सकाळी एकशे एकवीस आलं. चौथ्या दिवशी एकशे अठ्ठावीस. डॉक्टरबाई आकडा सांगायच्या आणि मी तो बोटावर लिहून ठेवल्यासारखा दिवसभर जपायची. चौथ्या दिवशी मी खाटेच्या कडेला डोकं टेकून बसले होते. डोक्यावर कुणी तरी हात ठेवला.

"घरी कोण आहे वो?" मामाजी विचारत होते. "धान कापून झालं का?"

मी त्यांना आज वार कोणता, गाव कोणतं, मुलाचं नाव काय, असं भराभर विचारत सुटले. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं आणि मग वैतागले. "काय शाळामास्तरासारखं विचारून राहिली? भूक लागली मले." दवाखान्याची मऊ खिचडी आली. त्यांनी पहिला घास तोंडात घेतला, बराच वेळ तसाच ठेवला, मग म्हणाले, "याले चव आहे." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

घरी येताना डॉक्टरबाईंनी गोळी बदलून दिली. मीठ किती, ते माझ्याच हातावर चमच्याने घालून दाखवलं: दिवसभराचं सगळं मिळून एक छोटा चमचा, त्यापेक्षा जास्त नाही, आणि शून्य तर कधीच नाही. पाणी तहान लागेल तेवढं. उन्हात काम केलं, घाम गेला, तर विचारा, स्वतःच्या मनाने काही वाढवू नका, काही तोडू नका. मी प्रत्येक वाक्य तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा सांगितलं.

गावात बातमी वेगळीच पसरली. मीठ सोडलं की माणूस मरतो, डॉक्टरांना काही कळत नाही, असं. काकूंचा बीपी तर मामाजींपेक्षा जास्त. त्या एका दुपारी वाटीत लोणचं घेऊन ओसरीवर बसलेल्या दिसल्या. "आता आपण नाई सोडत वो मीठ. पाहलं ना तुयाकडचं."

मी वाटी त्यांच्या हातातून घेतली. "काकू, आत्याबाईंना पाहिलं होतं ना तुम्ही? तेही बघा. मी भीतीने एका बाजूला पडले. तुम्ही माझ्यामुळे उलट्या बाजूने पडू नका." दुसऱ्या दिवशी मी त्यांना साकोलीला डॉक्टरांकडे नेलं. त्या कुरकुरत आल्या.

मामाजींना त्या चार दिवसांतलं फारसं काही आठवत नव्हतं. मी सांगितलं नाही. पण गावात काही लपत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा मी वरण फोडणीला टाकत होते, तर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"मी तुले जहर देणारी म्हणलो, असं लोकं म्हणते?"

मी पळी खाली ठेवली. "कोण म्हणालं?"

"म्हणलो का नाई?"

"म्हणाले तुम्ही."

"मंग तू काय म्हणली?"

"काही नाही. काय म्हणणार?"

"मले पानी दिसत होतं अन् तू देत नवती, एवढं पुसट आहे डोक्यात. बाकी काई नाई." मग म्हणाले, "माह्या जिवाले तू भेली म्हणून झालं ना हे?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"मले पन सांगाले पाह्यजे होतं. पायाचे गोळे, पोटाचं, समदं मी तुह्यापासून लपवत होतो अर्धं. तू भेशीन म्हणून." एवढं बोलून ते वळले. शेतातल्या पंपाची वीज आली होती, पऱ्ह्यांना, म्हणजे धानाच्या रोपांना, पाणी सोडायचं होतं.

मी वरण उतरवलं. चमचा सपाट करून मीठ टाकलं, चाखलं, पुन्हा चाखलं. मग आच बंद करून दारात गेले आणि बांधाच्या दिशेने जाणारी त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत, पाय नीट पडताहेत ना, ते बघत उभी राहिले.